शेळीपालन शिकायचे, पण कोणाकडून?

गेल्या काही महिन्यांपासून आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. "शेळीपालन सुरू करायचे आहे. यूट्यूबवर कोणाकोणाला सबस्क्राइब करावे?" पूर्वी हाच तरुण विचारीत असे की शेळ्या कोणत्या बाजारातून घ्याव्यात, भांडवल किती लागेल, गुरांचा डॉक्टर कोठे भेटेल. आता धंद्याची पहिली पायरी मोबाईलवर चढली जाते. यात वावगे काही नाही. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, गोठ्यातला माणूस कॅमेऱ्यासमोर आला आणि जे शिकायला पूर्वी तालुक्याला खेटे घालावे लागत ते घरबसल्या दिसू लागले. परंतु दुकान निवडताना जी चौकशी आपण करतो, ती चॅनेल निवडताना करीत नाही. त्याचा फटका कसा बसतो हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आमच्या परिचयातील एक तरुण नऊ वर्षे आखातात ड्रायव्हर होता. परत आल्यावर कोणाची नोकरी करायची नाही, हलाल रोजीचा स्वतःचा धंदा करायचा, असा त्याचा निश्चय होता. सहा महिने त्याने एका चॅनेलवरचे झाडून सगळे व्हिडिओ पाहिले. नंतर त्याच चॅनेलवाल्याच्या फार्मवरून बीटल जातीच्या वीस शेळ्या आणि एक बोकड खरेदी केला. माल भर पावसाळ्यात ट्रकने दोन दिवसांचा प्रवास करून कोकणात उतरला. पहिल्या आठवड्यातच खोकला आणि हगवण सुरू झाली. दिवाळीपर्यंत सात शेळ्या उरल्या. चॅनेलवाल्याने पहिले दोन फोन घेतले, तिसऱ्या वेळी "तुमचे व्यवस्थापन चुकले" असे सांगून फोन ठेवला. व्यवस्थापन चुकले होतेच. पण व्यवस्थापन शिकवण्याचे काम ज्याने अंगावर घेतले होते तो हाच माणूस होता.

हकीकत ऐकल्यावर आम्ही ते सर्व व्हिडिओ बसून पाहिले. गंमत अशी की त्यात खोटे असे फारसे काही सापडले नाही. शेळ्या धष्टपुष्ट होत्या, गोठा स्वच्छ होता, चाऱ्याची माहिती बरोबर होती. फक्त मेलेले एकही करडू कधी दिसले नाही. लांबच्या प्रवासाने जनावर खचते, पावसाळ्यात ते आणू नये आणि आणलेच तर तीन-चार आठवडे जुन्या जनावरांपासून वेगळे बांधावे, हे कोठेही सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर त्या महिन्यातली विक्री थांबली असती.

म्हणून नवशिक्याने कोणाला सबस्क्राइब करावे या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर असे आहे की, शिकवणाऱ्याची भाकरी कोठून येते ते आधी पाहा.

भाकरी कोठून येते?

यूट्यूबवर सबस्क्राइब करणे फुकट असते. त्याच्या शेजारी काही चॅनेलवर 'जॉइन' नावाचे बटण असते, त्याला मात्र दरमहा पैसे पडतात. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांना या दोहोंतला फरक ठाऊक नसतो. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलवाल्याला किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याचा हिशोब दाखवावा लागतो, किंवा ९० दिवसांत छोट्या व्हिडिओंना एक कोटी वेळा पाहिले जावे लागते. छोट्या चॅनेलला जाहिरातीतून फार मोठी कमाई होत नाही. तेव्हा संसार चालवण्यासाठी त्याला दुसरे काहीतरी विकावे लागते. कोणी प्रशिक्षण वर्ग विकतो, कोणी प्रकल्प अहवाल विकतो, कोणी खुराक आणि औषधे विकतो आणि बरेच जण जनावरेच विकतात.

विकणे हा गुन्हा नव्हे. आम्ही व्यापार-उद्योगाच्या पानावर लिहीत आहोत, विक्रीला नावे ठेवण्याचे आम्हास कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की विकणाऱ्याला विकणारा म्हणून ओळखा, उस्ताद म्हणून नव्हे. ज्याची शेळी खाटकाला किंवा बकरी ईदच्या गिऱ्हाइकाला विकली जाते, त्याचे पोट मांसाच्या बाजारभावावर चालते. तो जे सांगेल ते बाजाराने तपासलेले असते. ज्याची शेळी केवळ नव्या शेळीपालकालाच विकली जाते, त्याचे पोट नव्या माणसाच्या हौसेवर चालते. असा माणूस धंदा वाईट आहे असे कधी सांगणार नाही. दोघांच्या गोठ्यात दिसायला फरक नसतो, पण त्यांच्या सल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा धडा नवा नाही. ईमू पक्ष्यांच्या नावाखाली तामिळनाडूतील पेरुंदुराई परिसरात जी फसवणूक झाली ती २०१२ मध्ये उघडकीस आली. कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली सांगली जिल्ह्यातून जी साखळी चालली ती २०१९ मध्ये कोसळली आणि महाराष्ट्रातील हजारो शेतकरी त्यात पोळले. दोन्ही ठिकाणी पक्षी विकणाऱ्यानेच तो परत विकत घेण्याची हमी दिली होती. खाणाऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. एका शेतकऱ्याचा पैसा दुसऱ्याला नफा म्हणून दिला जात होता आणि नवा शेतकरी यायचा थांबला तसा नफाही थांबला. कोणत्याही चॅनेलवर "करडे आम्हीच परत घेऊ" हे वाक्य ऐकू आले की तेथे थांबावे आणि विचारावे, पुढे ती कोणाला विकणार?

मेलेले करडू दाखवतो का?

दुसरी कसोटी सोपी आहे. त्या माणसाने आपले नुकसान कधी दाखवले आहे का, हे शोधा. ज्याच्या गोठ्यात मर होत नाही असा शेळीपालक आम्ही पाहिलेला नाही. पीपीआर आली की दहा दिवसांत निम्मा कळप जातो. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताने आंत्रविषार होतो आणि संध्याकाळी चरून आलेले चांगले जनावर सकाळी मेलेले आढळते. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर देतात आणि तिचा परिणाम साधारण तीन वर्षे टिकतो. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते. हे ज्याच्या व्हिडिओत लसीकरणाच्या तारखेसह येते, जो मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करून घेऊन कारण सांगतो, तो माणूस आपल्याला काही शिकवू शकतो. फक्त चकाकणारे बोकड आणि वर गाणे, एवढेच ज्याच्याकडे आहे त्याला करमणूक म्हणून पाहण्यास हरकत नाही.

व्हिडिओखालचा अंगठा पाहून निर्णय घेणे आता उपयोगाचे राहिलेले नाही. नापसंतीचे आकडे सर्वांना दिसणे यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून बंद केले. दिसते ते कौतुकच. सबस्क्रायबरचा आकडाही प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. लाखभर सबस्क्रायबर झाले की यूट्यूबकडून चंदेरी बटण मिळते. ते भिंतीवर लावलेले पाहून आमचे तरुण भारावून जातात. पण ते बटण लोकांना बघायला आवडते याबद्दल मिळालेले आहे, शेळ्या नफ्यात आहेत याबद्दल नव्हे.

आपल्या मातीचा माणूस

तिसरी गोष्ट जातीची आणि हवामानाची. हिंदीतील मोठी चॅनेल बहुधा पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील असतात. बीटल ही पंजाबची जात, सिरोही राजस्थानची, जमनापारी इटावा भागातील. ही जनावरे अंगापिंडाने मोठी आणि देखणी असतात, कॅमेऱ्यात शोभतात. त्यांच्यापुढे आपली उस्मानाबादी शेळी किरकोळ दिसते. पण धाराशिव, लातूर, सोलापूरच्या दुष्काळी रानात काटेरी झुडपांवर जगून जुळी करडे देणे तिलाच जमते. संगमनेरी शेळी अहिल्यानगर, नाशिक, पुणे या पट्ट्याची. सिंधुदुर्गाच्या धो-धो पावसात आणि दमट हवेत टिकणारी जात कोकण कन्याळ. आमच्या त्या तरुणाला कन्याळ हे नाव चॅनेलवर एकदाही ऐकायला मिळाले नव्हते, कारण चॅनेलवाल्याच्या मुलखात ती नव्हतीच. त्याने लपवले नाही, त्याला ठाऊकच नसावे.

बाहेरची जात कधीच आणू नये असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बोअर जात आणली. पण तेथे शास्त्रज्ञ होते, नोंदी होत्या आणि वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी होती. वीस शेळ्यांवर आयुष्याची पुंजी लावणाऱ्याने प्रयोगशाळा होऊ नये.

व्हिडिओची तारीख पाहा

चौथी गोष्ट आमच्या वाचकांना विशेष उपयोगी पडेल. बकरी ईदच्या बाजारासाठी बोकड तयार करणे हा या धंद्यातला चांगला नफ्याचा भाग आहे. त्यावर शेकडो व्हिडिओ आहेत. "अमुक महिन्यात करडे घ्या, तमुक महिन्यात खुराक वाढवा" असे त्यात सांगितलेले असते. परंतु चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईद दरवर्षी तितकी अलीकडे सरकते. २०१८ मध्ये आपल्याकडे बकरी ईद २२ ऑगस्टला होती. २०२५ मध्ये ती ७ जूनला आली. म्हणजे सात वर्षांत अडीच महिन्यांचा फरक पडला.

याचा अर्थ काय ते पाहा. जुलै २०१७ मध्ये जन्मलेला बोकड २०१८ च्या ईदला वर्षाचा पूर्ण झालेला होता. तोच जुना व्हिडिओ पाहून कोणी जुलै २०२४ मध्ये जन्मलेली करडे २०२५ च्या ईदसाठी पाळली असतील, तर ईदच्या दिवशी त्यांचे वर्ष भरलेले नव्हते. बोकड कितीही वजनदार असो, जाणकार गिऱ्हाईक दात पाहते आणि पुढे जाते. हनफी मसलकाप्रमाणे बोकड एक वर्षाचा पूर्ण हवा, तर शाफई मसलकात दोन वर्षे पूर्ण सांगितली आहेत. कोकणातील आपले पुष्कळ बांधव शाफई आहेत. तेव्हा आपले गिऱ्हाईक कोण आणि ते काय मागते, हे दूरच्या चॅनेलवाल्याला विचारून कळणार नाही. व्हिडिओची तारीख पाहावी, येत्या ईदची तारीख धरून उलटे महिने मोजावेत आणि मगच करडे घ्यावीत.

कागदावरची शेळी

पाचवी कसोटी हिशोबाची. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. दोन वर्षांत तीन वेते, प्रत्येक वेताला दोन करडे, म्हणजे वीस शेळ्यांची दोन वर्षांत १२० करडे, हा हिशोब बहुतेक चॅनेलवर फळ्यावर मांडलेला असतो. कागदावर तो चुकीचा नाही. पण कागदावरची शेळी आजारी पडत नाही, पहिलटकरीण एकच करडू देत नाही आणि तिला चाराही लागत नाही. खऱ्या शेळीला दिवसाला साधारण चार किलो हिरवा चारा, एक किलो वाळला चारा आणि २०० ग्रॅम खुराक लागतो. वीस शेळ्या बंदिस्त पाळायच्या तर वर्षाला २९ टन हिरवा चारा, सात टनांहून अधिक वाळला चारा आणि सुमारे १,४६० किलो खुराक झाला. करडांचे खाणे वेगळेच. हा चारा स्वतःच्या रानातला की विकतचा, यावरच नफा-तोटा ठरतो. शिवाय विकत घेतलेली शेळी गाभण राहून व्याली आणि करडू विकण्याजोगे झाले, यात सव्वा वर्ष सहज जाते. तोवर घर कशावर चालणार? जो चॅनेलवाला हा प्रश्न स्वतःहून काढतो, त्याला अवश्य सबस्क्राइब करा.

सरकारी अनुदानाच्या नावाखालीही पुष्कळ वर्ग भरतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या सुधारित नियमांत १०० शेळ्या आणि ५ बोकड या गटापासून पुढे ५० टक्के अनुदान ठेवले होते. सर्वांत लहान गटाला त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये. ते दोन हप्त्यांत मिळते, आधी हातात पडत नाही. ज्याने आयुष्यात पाच शेळ्या सांभाळल्या नाहीत त्याने अनुदानासाठी शंभर बांधाव्यात, यासारखी दुसरी चूक नाही. आणि जी माहिती पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात फुकट विचारता येते, तिच्यासाठी हजारो रुपये भरण्याचेही कारण नाही.

जुन्यांचा आक्षेप

आमचे काही ज्येष्ठ वाचक म्हणतील की हे सगळे मोबाईलचे खूळ आहे, आपल्या वाडवडिलांनी कोणते व्हिडिओ पाहिले होते? आम्हाला हे मान्य नाही. वाडवडिलांनी लसही दिली नव्हती आणि साथीत कळपच्या कळप जात होते. घरात चार शेळ्या बांधून मुलांच्या शाळेचा खर्च भागवणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांना बाजारात जाऊन दलालाशी हुज्जत घालणे किंवा तालुक्याला प्रशिक्षणाला जाणे जमत नाही. अडलेली शेळी कशी सोडवावी, नुकत्याच जन्मलेल्या करडाला पहिला चीक किती लवकर पाजावा, हे एखाद्या पशुवैद्याने मराठीत दाखवलेले पाहून त्यांनी करडे वाचवली आहेत. हे शिक्षण मोलाचे आहे. आमचा आक्षेप चॅनेलवर नाही, आंधळेपणाने केलेल्या निवडीवर आहे.

मग करावे काय?

आमचा सल्ला असा की सुरुवातीला तीनच ठिकाणी सबस्क्राइब करावे. पन्नास चॅनेल पाहणाऱ्याला पन्नास मते मिळतात आणि त्याचा निर्णय शेवटी सर्वांत मोठ्याने बोलणारा करतो.

पहिले चॅनेल एखाद्या पशुवैद्याचे किंवा संस्थेचे असावे, ज्याला जनावरे विकायची नाहीत. कृषी विज्ञान केंद्रे, नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्था यांच्याकडील माहिती रुक्ष वाटेल, पण ती तपासलेली असते. दुसरे चॅनेल आपल्याच जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या शेळीपालकाचे असावे, ज्याच्या गोठ्यावर एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येईल. तेथे न कळवता जावे. व्हिडिओत असलेल्या शेळ्या तेथे आहेत का, किती जुन्या आहेत, गेल्या वर्षी किती विकल्या आणि कोणाला, हे विचारावे. प्रामाणिक माणूस चहा पाजून सांगतो. तिसरे चॅनेल बाजाराचे असावे. लोणंद, चाकण, घोडेगाव यांसारख्या बाजारांतले भाव दाखवणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडून भाव कसा चढतो-उतरतो याचा अंदाज येतो. मात्र पाहून न थांबता महिन्यातून एकदा स्वतः बाजारात उभे राहावे, कारण व्हिडिओत सांगितलेला भाव आणि हातात पडलेला भाव एक नसतो.

या तिन्ही ठिकाणचे तीन महिने पाहावे आणि एक वही ठेवावी. तिघांचे कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही ते लिहावे. जुळत नसेल तेथे गावातल्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारावे. या काळात 'जॉइन'चे पैसे भरू नयेत, वर्गाची फी भरू नये आणि फोटो पाहून जनावरासाठी आगाऊ रक्कम तर मुळीच पाठवू नये. तीन महिन्यांनंतरही उत्साह टिकला, तर जवळच्या बाजारातून आपल्या मुलखाच्या दोन-चार शेळ्या घ्याव्यात आणि एक वेत पूर्ण पाहावे. त्या एका वेतात जे कळेल ते हजार व्हिडिओत कळणार नाही.

आमचा तो तरुण धंदा सोडून गेला नाही, हे सांगावयास आनंद वाटतो. उरलेल्या सातांपैकी चार त्याने विकल्या आणि त्या पैशांत पाच कन्याळ शेळ्या घेतल्या. परवा भेटला तेव्हा म्हणाला की आता तो दोनच चॅनेल पाहतो. एक डॉक्टरांचे आहे. दुसरे चालवणारा शेतकरी त्याच्याच तालुक्यातला असून त्याला अवघे काही शे सबस्क्रायबर आहेत. गेल्या पावसाळ्यात आपली चार करडे कशामुळे मेली हे त्याने त्यावर सांगितले होते, आणि ते ऐकून याने आपली करडे वेळीच कोरड्या जागी हलवली.